पाणी कुठे मुरतंय? जुनी शिडाची बोट घेण्याआधीची तपासणी

अमेरिकेत १९७० आणि १९८० च्या दशकांत बांधलेल्या तीसेक फुटी फायबरग्लासच्या शिडाच्या बोटी आज वापरलेल्या मोटारीच्या किमतीत मिळतात. सॅन फ्रान्सिस्को बे, चेसापीक बे किंवा ग्रेट लेक्सच्या काठी राहणाऱ्या मराठी माणसाला पहिली बोट घ्यायची असेल तर नजर बहुधा यांच्यावरच जाते. या लेखात उदाहरण म्हणून कॅटलिना ३० घेतली आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून या मॉडेलच्या सहा हजारांहून जास्त बोटी बांधल्या गेल्या, त्यामुळे तिची दुखणी सगळ्यांना पाठ आहेत आणि सुटे भागही मिळतात. तपासणीची पद्धत मात्र त्या काळच्या कुठल्याही बोटीला लागू पडते.

फायबरग्लासचा सांगाडा स्वतः सहसा कुजत नाही. कुजतं ते त्याच्या पोटातलं लाकूड, आणि गंजतं ते त्यात गाडलेलं स्टेनलेस स्टील. दोन्हीला कारण एकच, आत शिरलेलं आणि बाहेर पडायला वाट न मिळालेलं पाणी. म्हणून उशा, पडदे, नवा टीव्ही, चकचकीत वार्निश यांच्याकडे आधी बघूच नका. पाणी कुठून शिरतं आणि कुठे साठतं, याच क्रमाने बोट पाहा. पहिल्या भेटीला किमान तीन तास काढा. सोबत प्लॅस्टिकच्या डोक्याची लहान हातोडी, चांगला टॉर्च, हँडलचा आरसा, टोचा, भिंग, फडकी, मास्किंग टेप आणि मळले तरी चालतील असे कपडे. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर उत्तमच, गळती लपत नाही.

डेक

सुरुवात डेकपासून करा, कारण जुन्या बोटीत सर्वांत मोठा खर्च बहुतेक वेळा इथेच दडलेला असतो. डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन पापुद्र्यांमध्ये बसवलेलं बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. स्टॅन्शन (कठड्याचे उभे खांब), क्लीट (दोरी बांधायचा खुंटा), विंच (दोरी ओढायचं चाक), हॅच (डेकमधलं झाकणाचं दार), प्रत्येक वस्तूसाठी या थरातून भोकं पाडलेली असतात. भोकातला सीलंट काही वर्षांनी सुकतो, सुटतो आणि पाणी बोल्टच्या कडेने लाकडात जातं. कोणीतरी दोरी धरून चढताना स्टॅन्शनवर सगळा भार टाकतो, त्यामुळे सर्वांत आधी स्टॅन्शनचे पाय गळतात.

आधी अनवाणी किंवा पातळ सोलच्या बुटांनी सगळ्या डेकवर चाला आणि टाचेवर वजन द्या. दबतंय किंवा कुरकुरतंय असं वाटलं तर तिथे टेप लावा. मग हातोडीने दर दोन-तीन इंचांवर हलके ठोके द्या. मडकं घेताना वाजवून बघतात तसंच हे, निरोगी जागी आवाज टणक येतो आणि थर सुटलेल्या जागी बद्द. आवाज बदलला की टेपने हद्द आखत जा. अर्ध्या तासात रोगाचा नकाशा डोळ्यांपुढे असतो. खाली जाड बीम किंवा बल्कहेड (बोटीच्या आतली आडवी भिंत) असेल तिथेही आवाज बदलतो, पण तो जास्त भरीव होतो, बद्द नाही. थोडं ठोकलं की कानाला फरक कळायला लागतो.

ओलावा मोजणारं मीटर मिळालं तर वापरा, पण त्याच्या आकड्याला देव मानू नका. ते फक्त तुलना दाखवतं. एखाद्या खात्रीच्या कोरड्या जागी आधी रीडिंग घ्या आणि बाकीच्या जागा त्याच्याशी ताडून पाहा. मागे पाण्याची टाकी, धातूची पट्टी किंवा तांबंयुक्त अँटिफाउलिंग रंग (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो) असेल तर मीटर खोटं बोलतं. हातोडी आणि मीटर दोघांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं की शंका उरत नाही.

एका स्टॅन्शनभोवती तळहाताएवढी जागा ओली असेल तर घाबरू नका. फिटिंग काढायची, आतलं कुजकं लाकूड कोरून काढायचं, वाळवायचं, घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं आणि त्यातून नवीन भोक पाडायचं. हे काम शनिवार-रविवारचं आहे. पण एका स्टॅन्शनपासून दुसऱ्यापर्यंत सलग बद्द आवाज येत असेल तर वरचा पापुद्रा कापून आतला गाभाच बदलावा लागतो. बऱ्याच बोटयार्डांत मजुरीचा दर तासाला १०० डॉलरच्या पुढे गेला आहे, त्या हिशेबाने असं डेक दुरुस्त करण्याचा खर्च बोटीच्या किमतीच्या वर जातो. अशी बोट फुकट मिळाली तरी महाग.

जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरग्लासच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरच्या, बारीक भेगाही बोलतात. एका बिंदूतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या भेगा म्हणजे काहीतरी पडलं किंवा आदळलं. कोपऱ्यात किंवा स्टॅन्शनच्या पायापाशी समांतर भेगा असतील तर तो भाग वारंवार वाकतोय.

चेनप्लेट आणि डोलकाठी

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात त्या चेनप्लेट. पट्टी डेकमधून खाली उतरते तो इंच-दीड इंचाचा भाग कोणालाच दिसत नाही, आणि नेमका तोच गंजतो. स्टेनलेस स्टीलला गंजण्यापासून वाचवणारा पातळ थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या डेकच्या आत अडकलेल्या पाण्यात तो मिळत नाही आणि बारीक फटीतून धातू आतल्या आत खाल्ला जातो. वरून पट्टी आरशासारखी चमकत असते.

केबिनमध्ये जाऊन चेनप्लेट जिथे बल्कहेडला बोल्टने बसवली आहे तिथे बघा. प्लायवूडवर काळे किंवा तांबूस ओघळ आहेत का? बोल्टच्या भोवती टोचा दाबा, सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे. बल्कहेड जिथे बोटीच्या भिंतीला फायबरग्लासच्या पट्ट्यांनी चिकटवलेलं असतं, तिथे पट्टी सुटलेली दिसते का तेही पाहा.

कॅटलिना ३० मध्ये डोलकाठी केबिनच्या छतावर उभी असते आणि तिचा भार खाली एका खांबावरून तळापर्यंत जातो. सुरुवातीच्या बोटींत या खांबाखाली आणि कीलच्या (तळाखालच्या वजनदार पात्याच्या) वरच्या भागात लाकूड वापरलेलं आहे. बिल्जमधलं (बोटीच्या सर्वांत खालच्या पोकळीतलं) पाणी त्याला लागलं की ते कुजतं आणि खांब हळूहळू खचतो. लक्षणं सोपी आहेत. डोलकाठीच्या पायाशी छतात खळगा पडलेला असतो, जवळचं दार चौकटीत घासतं, तारा ताणल्या तरी पुन्हा ढिल्या पडतात. हे दिसलं तर दुरुस्तीचा लेखी अंदाज हातात आल्याशिवाय किंमत बोलूच नका.

तारांच्या टोकांना जिथे धातूची नळी दाबून बसवलेली असते, तिथे भिंग लावा. उभी भेग, तुटलेली एक जरी तार किंवा गंजाचा ओघळ दिसला तर ती तार बाद. तार तपासताना उघडा हात फिरवू नका, फडकं फिरवा, तुटलेलं टोक त्यात अडकतं. तारा शेवटी कधी बदलल्या याची पावती मागा. पावती नसेल तर जुन्याच आहेत असं धरा आणि संपूर्ण रिगिंग (डोलकाठी धरणाऱ्या सगळ्या तारा) बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. खाऱ्या पाण्यात दहा-पंधरा वर्षांनंतर अनेक विमा कंपन्यासुद्धा हेच म्हणतात.

बोट पाण्याबाहेर

तळ न बघता बोट घेऊ नये. बाहेर काढण्याचा खर्च खरेदीदार करतो, आणि तो वाचवण्यासारखा नाही.

कीलपासून सुरू करा. कॅटलिना ३० चं वजन सुमारे १०,२०० पौंड, त्यातलं ४,२०० पौंड कीलमध्ये. हे ओझं मोजक्या बोल्टांवर लटकलेलं असतं. कील आणि हल (बोटीचं मुख्य कवच) यांच्या सांध्यावर पुढच्या बाजूला आडवी, थोडी वर वळलेली भेग दिसते, तिला तिकडचे लोक ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. भेग केसाएवढी आणि कोरडी असेल तर बोल्ट घट्ट करून, सांधा घासून, नव्याने भरून काम भागतं. पण बोट उचलल्यानंतर कित्येक तास त्यातून तांबूस पाणी झिरपत राहिलं तर आत बोल्टपर्यंत ओल आहे. मग बिल्जमध्ये उतरून प्रत्येक बोल्टचं डोकं पाहा. नट गंजून गोल झालाय का, वॉशर खालच्या लाकडात रुतलाय का? बोट लिफ्टच्या पट्ट्यांत असतानाच कीलचं खालचं टोक दोन्ही हातांनी बाजूला ढकलून बघा. सांध्यात हालचाल दिसली तर तपासणी तिथेच थांबवा.

बोट कधी खडकावर आदळली असेल तर पुरावा बहुधा कीलच्या मागच्या टोकाशी सापडतो. पुढून धडक बसली की कीलचं मागचं टोक हलमध्ये वर घुसतं. त्या जागेच्या वर, आतून, आडव्या आधारांच्या जोडांत भेगा किंवा नवा रंग आहे का बघा. जुन्या मळकट बिल्जमध्ये एवढाच तुकडा ताजा रंगवलेला असेल तर विक्रेत्याला सरळ विचारा.

सुकाणूच्या पात्यात फोम असतो आणि त्यात स्टीलच्या दांड्याला वेल्ड केलेल्या पट्ट्या. दांडा पात्यात शिरतो त्या फटीतून पाणी आत जातं आणि वेल्ड गंजतात. वेल्ड तुटला की दांडा फिरतो, पातं फिरत नाही, आणि हे भर वाऱ्यात कळतं. पातं हातोडीने वाजवा. खालच्या कडेवर ओघळ दिसतोय का बघा. एकाने टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) किंवा व्हील घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने पातं वळवायचं, दोघांत फरक पडला तर पातं उघडावं लागेल.

तळावरचे फोड पाहून नवखा माणूस घाबरतो. पॉलिस्टर रेझिनमध्ये पाणी झिरपून तयार झालेलं आम्ल तिथे साठतं. डोळ्यांवर चष्मा लावून, मालकाच्या परवानगीने एक फोडा, आतल्या द्रवाला व्हिनेगरसारखा वास येतो. वीस-तीस नाण्याएवढे फोड असतील तर एकेक घासून, वाळवून, इपॉक्सीने भरता येतात. फोडांमुळे बोट बुडाल्याचं क्वचितच घडतं. संपूर्ण तळ फोडांनी भरला असेल तर मात्र जेलकोट सोलणं, महिनोन् महिने वाळवणं आणि इपॉक्सीचे थर देणं आलं. तेव्हा सौदा बोटीच्या लायकीवर नाही, किमतीवर ठरतो.

तळातून आरपार जाणारे सगळे नळ मोजा. प्रत्येकाचा दांडा हाताने ९० अंशांत फिरला पाहिजे. जुन्या बोटींत बागेच्या नळासारखे गोल चाकाचे पितळी गेट व्हॉल्व्ह सापडतात, ते सगळे बदलायचे असं गृहीत धरा. धातू किंचित खरवडा. पिवळा चमकला तर ठीक, गुलाबी दिसला तर पितळेतलं जस्त निघून गेलं आहे आणि उरलेला तांब्याचा सांगाडा एका धक्क्याने तुटेल. प्रोपेलरलाही हीच परीक्षा.

इंजिन

इंजिन दाखवण्याची वेळ ठरवताना ते आधी सुरू करू नका असं मालकाला सांगा, आणि पोचल्यावर आधी हात लावून ते थंडच आहे याची खात्री करा. गरम इंजिन कोणतंही सुरू होतं. तेलाची पट्टी काढा. डिझेलचं तेल काळं असणारच, दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलं आहे. सुरू होताच मागे जा, एक्झॉस्टमधून धुरासोबत पाण्याची पिचकारी यायला हवी. थोडा पांढरा धूर थंडीत येतो आणि जातो. निळा धूर टिकला तर इंजिन तेल जाळतंय, भाराखाली काळा आला तर हवा कमी, इंधन जास्त किंवा प्रोपेलर चुकीचा. किनाऱ्याला बांधलेलं असताना पाच मिनिटं चालवणं पुरेसं नाही, बोट घेऊन बाहेर पडा आणि अर्धा तास जवळजवळ पूर्ण वेगात चालवा. तापमान चढत राहिलं तर एक्झॉस्टचं कोपर (वाकडी नळी) कार्बनने चोंदलेलं असण्याची शक्यता मोठी. युनिव्हर्सल कंपनीच्या इंजिनांच्या वायरिंगमधले जुने प्लग आणि पॅनेलमधला अ‍ॅमीटर उघडून बघा, तिथे गंज आणि जळलेलं प्लॅस्टिक सापडतं.

शिवण उन्हाने किती खाल्ली आहे ते शिडाच्या कडेच्या टाक्यात नख घालून ओढलं की कळतं. धागा तुटला तर फेरशिवण, कापडच फाटलं तर नवीन शीड.

कागदपत्रं आणि सर्व्हेअर

हलच्या मागच्या बाजूला उजवीकडे वर कोरलेला १२ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत तो सक्तीचा आहे. कॅटलिनाचा क्रमांक ‘सीटीवाय’ने सुरू होतो. तो कागदांशी अक्षरन् अक्षर जुळवा. बोट कोस्ट गार्डकडे नोंदलेली असेल तर नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटरकडून मालकीचा गोषवारा मागवा, त्यात बोटीवर नोंदवलेली कर्जं दिसतात. ही नोंदणी व्यक्तीच्या नावावर फक्त अमेरिकी नागरिकाला करता येते. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आपल्या राज्याच्या नोंदणीचा मार्ग धरा, आणि जुनी नोंदणी रद्द करून देण्याची अट विक्रेत्याला करारातच घाला.

इतकं पाहूनही बोट आवडली तरच सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा तज्ज्ञ, बोलवा. ‘सॅम्स’ किंवा ‘नॅम्स’ या संघटनांचा सदस्य निवडा, दर साधारण फुटाला २० ते ३० डॉलर. विक्रेता किंवा दलाल सुचवील तो घेऊ नका. करारात सर्व्हे आणि सागरी चाचणी समाधानकारक ठरल्यासच खरेदी, नाहीतर इसार परत, हे वाक्य हवंच. सर्व्हेअर काम करतो तो पूर्ण दिवस त्याच्याजवळ थांबा, अहवालात न मावणाऱ्या पुष्कळ गोष्टी तो तोंडी सांगतो.

बोट पुन्हा पाण्यात सोडताना लिफ्ट चालवणाऱ्याला दहा मिनिटं पट्ट्या न काढण्याची विनंती करा. तेवढ्यात आत उतरून तळाचा एकेक नळ, प्रोपेलरच्या शाफ्टचा सांधा आणि कीलचे बोल्ट कोरड्या फडक्याने पुसून पाहा, आणि फडकं कोरडं राहिल्यावरच पट्ट्या सोडायला सांगा.