बोनस पेन्शनमध्ये वळवताय? ब्रिटनमधल्या पगारदारांनो, या चुका टाळा

बोनस खात्यात जमा झाल्यावर एचआरला ‘हा पेन्शनमध्ये टाका’ असं सांगून उपयोग होत नाही. सगळ्यात जास्त पैसे याच एका चुकीपायी जातात, म्हणून आधी तीच सांगतो.

सॅलरी सॅक्रिफाइस ही पगारातली कपात नाही. पगाराचा एक भाग घ्यायचा हक्क तुम्ही आधीच सोडता आणि त्याच्या बदल्यात कंपनी तेवढी रक्कम स्वतःच्या वतीने तुमच्या पेन्शनमध्ये भरते. हा नोकरीच्या करारातला बदल आहे, त्यामुळे पैसे देय होण्याआधी तो कागदावर यावा लागतो. मार्चचा बोनस असेल तर बऱ्याच ठिकाणी फॉर्म फेब्रुवारीतच भरून मागतात. बोनसच्या पत्राची वाट बघत बसू नका. आकडा कळला नसला तरी टक्केवारी लिहून देता येते का, हे एचआरला आत्ताच विचारा. ओव्हरटाइमचंही तसंच: तास भरून झाल्यावर पेरोलला (पगार काढणाऱ्या विभागाला) मागचं काही बदलता येत नाही.

मुदत हुकलीच तर हातपाय गाळू नका. स्वतःचं पर्सनल पेन्शन किंवा सिप (SIPP, म्हणजे गुंतवणूक स्वतः निवडायचं पेन्शन खातं; म्युच्युअल फंडातली एसआयपी नव्हे) उघडून ५ एप्रिलच्या, म्हणजे करवर्ष संपायच्या आत त्यात पैसे भरा. तुम्ही ५,६०० पौंड भरले की पेन्शन कंपनी सरकारकडून १,४०० पौंड मिळवून खात्यात ७,००० करते. इन्कम टॅक्सच्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेली सवलत एचएमआरसीकडे (इथल्या कर खात्याकडे) मागायची. नॅशनल इन्शुरन्स (पगारातून जाणारी सामाजिक सुरक्षेची सरकारी वर्गणी) मात्र परत मिळत नाही. पण ५०,२७० पौंडांच्या वरच्या पगारावर तो २ टक्केच असतो. त्याखालच्या पगारावर तो ८ टक्के आहे, म्हणजे मुदत चुकवणं कमी पगारवाल्याला जास्त महाग पडतं.

एक लाखाचा उंबरठा

आयटीतल्या आपल्या बऱ्याच मंडळींचा बोनस नेमका इथे अडकतो. उत्पन्न १,००,००० पौंडांच्या वर गेलं की दर दोन पौंडांमागे एक पौंड करमुक्त मर्यादा कमी होते आणि १,२५,१४० ला १२,५७० ची सगळी मर्यादा संपते. समजा पगार ९५,००० आणि बोनस १२,०००. वरच्या ७,००० पौंडांवर ४० टक्क्यांनी २,८०० कर, गेलेल्या ३,५०० च्या मर्यादेपायी आणखी १,४००, आणि नॅशनल इन्शुरन्सचे १४०. हातात येतात फक्त २,६६०. तेच सोडून दिले तर पेन्शनमध्ये पूर्ण ७,००० जातात. (हे दर इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे. स्कॉटलंडचे टप्पे वेगळे आहेत.)

घरात लहान मूल असेल तर प्रकरण आणखी गंभीर. इंग्लंडमध्ये आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाचं जरी उत्पन्न लाखाच्या वर एका पौंडाने गेलं, तरी ३० तासांचं मोफत पाळणाघर आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (पाळणाघराच्या खर्चाला मिळणारी सरकारी मदत) दोन्ही जातं. चाइल्ड बेनिफिटची (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याची) गळती त्याआधीच, ६०,००० ते ८०,००० च्या दरम्यान सुरू होते.

हिशोब करताना लोक फक्त पेस्लिप बघतात, आणि तिथेच चुकतात. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एनआरओ ठेवीचं व्याज, इथल्या बचत खात्याचं व्याज, हे सगळं त्या एक लाखात धरलं जातं. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथेही करमुक्त, असं मुळीच नाही. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते, पण ती मागितली की त्या वर्षीची करमुक्त मर्यादा जाते. दोन्ही बाजू मांडून बघा, मगच ठरवा. आणि बरोब्बर ७,००० सोडू नका, पाच-सातशे जास्त सोडा. व्याजाचा खरा आकडा वर्ष संपल्यावरच कळतो.

पेस्लिप हातात आली की

बोनसच्या महिन्याची पेस्लिप सावकाश वाचा. सोडलेली रक्कम करपात्र पगार निघण्याआधीच वजा झालेली दिसली पाहिजे आणि एम्प्लॉयर पेन्शनचा आकडा तेवढ्याने वाढलेला दिसला पाहिजे. ती कर आणि नॅशनल इन्शुरन्सच्या ओळींशेजारी साध्या कपातीसारखी दिसत असेल आणि नॅशनल इन्शुरन्स पूर्ण बोनसवर लागला असेल, तर ती सॅलरी सॅक्रिफाइस म्हणून गेलेलीच नाही. त्याच दिवशी पेरोलला लेखी कळवा. पुढच्या महिन्यात पेन्शनच्या खात्यात पैसे खरंच पोचले का, तेही बघा.

कंपनीला एक प्रश्न जरूर विचारा: तुमचा वाचलेला नॅशनल इन्शुरन्स आमच्या पेन्शनमध्ये टाकता का? मालकाचा दर १५ टक्के आहे, त्यामुळे ७,००० वर कंपनीचे १,०५० पौंड वाचतात. काही कंपन्या त्यातला वाटा देतात, काही देत नाहीत. विचारण्यात कमीपणा नाही.

सेल्फ असेसमेंट (वर्षाचं करविवरण) भरताना ही सोडलेली रक्कम पेन्शनच्या रकान्यात पुन्हा लिहू नका. पी-६० वरचा (कंपनी वर्षअखेरीला देते त्या पगार-कराच्या दाखल्यावरचा) पगार ती वजा होऊनच आलेला असतो. दुसऱ्यांदा वजा केली की चुकीचा परतावा मिळतो, आणि एचएमआरसी तो व्याजासकट परत मागू शकते.

पेन्शनमध्ये भरायची कमाल मर्यादा वर्षाला ६०,००० पौंड, आणि त्यात कंपनीचा नेहमीचा हिस्साही मोजायचा. मागच्या तीन वर्षांची न वापरलेली मर्यादा पुढे ओढता येते, मात्र त्या-त्या वर्षी तुम्ही ब्रिटनमधल्या एखाद्या पेन्शन योजनेत असायला हवं. कमी पगार असेल तर सोडल्यावर उरलेला पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये.

बाळंतपण तोंडावर असेल तर थांबून विचार करा. मॅटर्निटी पेचे पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि ती सरासरी एका ठरावीक आठ आठवड्यांच्या काळावरून काढतात. त्या काळात मिळालेला बोनस सरासरी वाढवतो. सोडलेला बोनस त्यात धरलाच जात नाही.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर बोनस आणि ओव्हरटाइम व्हिसाच्या पगाराच्या अटीत तसेही धरत नाहीत. मूळ पगाराला हात लावण्याआधी मात्र कंपनीत स्पॉन्सरशिप बघणाऱ्यांशी बोला.

आणि हा आपला पीएफ नव्हे. नोकरी सोडली, देश सोडला तरी ५५ व्या वर्षाआधी पैसे निघत नाहीत, आणि ६ एप्रिल २०२८ पासून हे वय ५७ होतंय. भारतात परतलात तरी पैसे पीएफमध्ये हलवता येत नाहीत. ‘लवकर काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. तसे काढलेल्या रकमेवर ५५ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. परतायचा बेत पक्का असेल आणि डोक्यावर घराचं कर्ज असेल, तर सगळा बोनस कोंडून ठेवू नका.

नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय की एप्रिल २०२९ पासून वर्षाला २,००० पौंडांच्या वर सोडलेल्या रकमेवर नॅशनल इन्शुरन्स लागेल, तुम्हाला आणि कंपनीलाही. ‘मग आता काय अर्थ?’ असं म्हणून कुणी आत्ताच हात आखडता घेत असेल तर ते चूक आहे. इन्कम टॅक्सची सवलत तशीच राहणार आहे, आणि तोवरच्या बोनसना जुनेच नियम आहेत.