विद्यापीठाच्या आवारात येणाऱ्या गाड्या कमी कशा कराव्यात

प्रवेशद्वाराशी सकाळी गाड्यांची रांग लागू लागली की पहिली मागणी येते ती नव्या वाहनतळाची. ती मान्य करण्यापूर्वी एक साधा हिशेब मांडून पाहावा. उघड्या वाहनतळावर एका मोटारीसाठी, आत-बाहेर करण्याच्या वाटेसह, सुमारे २३ चौरस मीटर जागा धरण्याची आपल्याकडील नियोजनाची रीत आहे, आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषांत अभियांत्रिकीच्या वर्गखोलीसाठी ६६ चौरस मीटर सांगितले आहेत. तीन मोटारी दिवसभर उभ्या राहतात तेवढ्या जागेत एक वर्ग भरू शकतो. त्यामुळे समितीने हाती घ्यायचे काम गाडी आणण्याची गरज कमी करण्याचे आहे, आणि त्यातले बरेचसे बांधकामाशिवाय होते.

सुरुवात मोजणीने करावी. सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे लोटल्यावर, परीक्षा किंवा सण नसलेल्या आठवड्यात, सकाळी आठ ते अकरा या वेळेत प्रत्येक दारावर नुसत्या गाड्या न मोजता माणसे मोजावीत: पायी किती आले, बसमधून किती उतरले, सायकलवर किती, रिक्षातून किती, दुचाकीवर एकटे किती आणि दोघे किती. दुसरी माहिती विद्यापीठाच्या दप्तरात आधीपासून असते, पण ती या कामासाठी कोणी उघडत नाही. ती म्हणजे प्रवेश अर्जांवरील आणि सेवापुस्तकांतील पिनकोड. नावे वगळून ते नकाशावर मांडले की चार किलोमीटरच्या आत राहणारे, थेट बस किंवा लोकल मिळणारे आणि ज्यांच्या गावापर्यंत काहीच सोयीचे पोहोचत नाही असे, हे तीन गट वेगळे दिसू लागतात. उपाय गटागटाने ठरवावेत. तिसऱ्या गटाला गाडीवरून टोकण्यात अर्थ नाही. त्यांना एकत्र येण्यासाठी सोबती शोधून देणे एवढेच करता येते.

वेळापत्रक हे सर्वांत स्वस्त साधन आहे. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठात येणारे आणि औंध, बाणेर, हिंजवडीकडे कामाला जाणारे एकाच चौकातून जातात. तिथला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोच्या कामासाठी पाडला गेला. अशा ठिकाणी सगळ्या विभागांचा पहिला तास दहालाच ठेवण्यापेक्षा काही विभागांचा साडेआठला आणि काहींचा अकराला ठेवावा. शिवाय एखाद्या विद्यार्थ्याचा एक तास सकाळी आणि दुसरा थेट संध्याकाळी येत असेल, तर तो मधल्या वेळेत घरी जाऊन परततो आणि एका दिवसाच्या चार फेऱ्या होतात. तास सलग लावले तर त्यातल्या दोन आपोआप वाचतात.

त्यानंतर बस आणि रेल्वे. शहर बससेवेकडे ‘जादा गाड्या द्या’ असे मोघम पत्र पाठवू नये. पिनकोडचा नकाशा आणि तास सुटण्याच्या वेळा जोडून कोणत्या मार्गावर, किती वाजता, किती प्रवासी मिळतील ते लिहावे. मुंबईत विद्यार्थ्याला लोकलच्या सवलतीच्या पाससाठी महाविद्यालयाकडून कन्सेशनचा फॉर्म घ्यावा लागतो. तो देणारी खिडकी दिवसातून तासभरच उघडत असेल, तर आपणच त्याला दुचाकीकडे ढकलत आहोत हे ध्यानात घ्यावे. थांब्यापासून विभागापर्यंतची वाट तितकीच महत्त्वाची आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार चारशे एकरांहून मोठे आहे; एवढ्या अंतरासाठी सावलीची पायवाट आणि ठरल्या वेळेला सुटणारी अंतर्गत गाडी हवी. संध्याकाळच्या प्रात्यक्षिकांनंतर विद्यार्थिनी कशा परततात हे त्यांनाच विचारावे. दिवे आणि शेवटची फेरी त्यानुसार ठरवावी.

हे सारे सुरू झाल्यावरच पार्किंगला शुल्क लावावे. क्रम उलटा झाला तर पहिल्याच आठवड्यात मोर्चा येईल, आणि तो रास्त असेल. शुल्क वर्षाचे एकरकमी नसावे. वर्षाचे पैसे एकदा भरले की ते वसूल व्हावेत म्हणून माणूस गाडी रोजच आणू लागतो. रोजच्या रोज आकारलेले शुल्क मात्र ‘आज बसने जावे का’ हा प्रश्न रोज नव्याने समोर ठेवते. अपंग व्यक्तींना सूट असावी, दोघे-तिघे मिळून येणाऱ्या मोटारीला सवलत असावी, आणि जमा रक्कम स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवून पासच्या सवलतीसाठीच वापरावी. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये सर्वांसाठी स्वस्त बसपास आणला तेव्हा पार्किंगचे दरही सोबतच वाढवले होते.

सायकली मी मुद्दाम शेवटी ठेवल्या आहेत, कारण उद्घाटनाच्या फोटोसाठी संस्था त्याच आधी विकत घेतात. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये भाड्याच्या सायकलींची योजना विद्यापीठाच्या आवारातूनच सुरू झाली, पण पुढे ती शहरात टिकली नाही. सायकलींची संख्या ठरवण्याआधी त्या दुरुस्त कोण करणार हे ठरवावे. आवारात पंक्चर काढणाऱ्याला एक टपरी द्यावी, वसतिगृहाशी पावसापासून झाकलेले स्टँड उभारावेत आणि विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सायकलींना प्राधान्य द्यावे.

पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच दारांवर पुन्हा मोजणी करावी आणि दोन्ही वर्षांचे आकडे सूचनाफलकावर शेजारी-शेजारी लावावेत. आणि शुल्काची पहिली पावती मुख्य इमारतीच्या दारातील राखीव जागांवर उभ्या राहणाऱ्या, अधिकाऱ्यांच्या गाड्यांची फाडावी.