दगडाची घनता घरच्या काट्यावर कशी मोजावी, आणि त्यातून वस्तुमान, वजन व गती कशी समजून घ्यावी

व्याख्या पाठ असल्या तरी वस्तुमान आणि वजन यांतला गोंधळ सुटत नाही. उपाय एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय हलतं, काय तसंच राहतं ते पाहायचं. लागणारं सामान म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, भांडं, दोरा, मीठ, ताजं अंडं, दोन-तीन दगड.

१. आधी जागा बदला, निदान मनातल्या मनात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली दोन पारड्यांची तागडी चंद्रावर नेली, तरी किलोभर कांदे किलोभरच भरतील. गुरुत्वाकर्षणाची ओढ दोन्ही बाजूंना सारखीच कमी झालेली असते. तागडी वस्तुमान सांगते. स्प्रिंगचा काटा मात्र तिथे सुमारे सहावा हिस्सा दाखवेल, कारण तो ओढ मोजतो. ही ओढ म्हणजे वजन. पृथ्वीवर १ किलोला सुमारे ९.८ न्यूटन. बाजारात किलोलाच वजन म्हणतात, म्हणू द्या.

२. आता घनता. नदीतला गुळगुळीत दगड काट्यावर ठेवा. समजा २७० ग्रॅम भरला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा १०० ग्रॅम दाखवेल. दगडाचा भार दोऱ्यावर असताना हे आले कुठून? पाणी दगडाला वर ढकलतं, तेवढाच दगड पाण्याला खाली दाबतो. हा जोर दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो, आणि १ ग्रॅम पाणी १ घन सेंटिमीटर जागा घेतं, म्हणून दगडाचं आकारमान १०० घन सेंटिमीटर. २७० भागिले १००, घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. दगड फोडून अर्धा घ्या: वस्तुमान निम्मं, घनता तीच.

हाच प्रयोग चिऱ्याच्या, म्हणजे सच्छिद्र जांभ्या दगडाच्या, तुकड्यावर करून पाहाच. बुडबुडे येतात आणि काट्यावरचा आकडा हळूहळू उतरतो. छिद्रांतल्या हवेची जागा पाणी घेत असतं. म्हणून चिऱ्याचा आकडा बुडवल्याबरोबर घ्यावा. खाणपट्ट्यातला लोहखनिजाचा तुकडा मिळाला तर हातालाच फरक कळेल. शुद्ध हेमाटाइटची घनता ५ च्या वर आहे.

३. दगड राहू द्या, पाणी बदला. ताजं अंडं नळाच्या पाण्यात बुडतं. मीठ घालत ढवळत राहा, शेवटी ते वर येतं. मिरामारचं पाणी आणून मात्र काम भागत नाही: समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५, ताज्या अंड्याची त्याहून जास्त. काजूच्या भट्टीवर फेणीचा ‘ग्राव’, म्हणजे कडकपणा, तिच्यात तरंगती नळी सोडून मोजतात तेही याच तत्त्वावर. मद्यार्क पाण्याहून विरळ, म्हणून फेणी जितकी कडक तितकी ही नळी खोल जाते.

४. राहिली गती. पणजी-बेती फेरीबोट धक्क्याजवळ येताना पाहा. चालक वेग बराच आधीपासून उतरवू लागतो. गाड्यांनी भरलेली बोट रिकामीपेक्षा थांबायला जास्त जोर मागते. हे वस्तुमानाचं काम, वजनाचं नव्हे: बोटीचं वजन पाण्याने पेललेलं असतं, तरी ती थांबायला तयार नसते.

शेवटी नारळ आणि लिंबू एकाच उंचीवरून एकदम सोडा, खाली कोणी नाही हे पाहून. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी पडतात. नारळावर ओढ जास्त, पण त्याला हलवायलाही तितक्याच पटीने जास्त जोर लागतो.