बर्फात जाताय? निदान या चुका तरी टाळा

दर जानेवारीत तेच. सह्याद्रीत चार घाटवाटा केलेली मंडळी गुलमर्गला येतात, गोंडोला म्हणजे तिथल्या रोपवेच्या दुसऱ्या फेजने अफारवट डोंगरावर पोचतात आणि विचारतात, "दादा, दोन दिवस बर्फच पडला नाही, मग कसली अ‍ॅव्हलाँच?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातच जातो. अरे बाबांनो, बर्फ काय फक्त आकाशातून येतो का, वारा पण आणतो की. धारेच्या एका अंगाचा उचलतो आणि दुसऱ्या अंगावर थापतो, त्याचा कडक थर बसतो, वर पाय रुतत नाही म्हणून नवख्यांना नेमका तोच आवडतो. खाली असतो डिसेंबरचा जुना बर्फ, थंडीने दाणेदार झालेला, मुठीत कितीही आवळा गोळा होत नाही, न भिजवलेला साबुदाणा बघा. त्यावरून वरचा थर सुटून खाली कोसळतो, तीच अ‍ॅव्हलाँच.

एकदा आम्ही पाच जण होतो, आकाश निळंशार, पण रात्रभर वारा घोंघावत होता. मी पुढे. एका मोकळ्या जागी पायाखालून 'व्हूम्फ', गादी धपकन टाकावी तसा दबका आवाज, आणि स्कीच्या टोकापासून वीसेक फूट भेग सुटली, म्हणजे खालचा कच्चा थर ढासळला. तिथे उतार जेमतेम वीस डिग्री, म्हणून वाचलो. मागचा मित्र म्हणतो, "बसला आता थर, चल पुढे!" पुढचा उतार पस्तीसचा होता. मी सरळ परत फिरलो, तो संध्याकाळभर फुगून बसला. 30 ते 45 डिग्री हा खरा मारका पट्टा, मी फोनमधल्या अ‍ॅपने मोजल्याशिवाय पाय टाकत नाही.

दुसरी चूक, "बीकन आहे ना!" बीकन म्हणजे गाडलेला माणूस शोधायला अंगावर बांधायचं छोटं यंत्र, ते 457 किलोहर्ट्झवर सिग्नल देतं, बर्फ अडवत नाही. पण गाडलेल्या माणसाकडे साधारण दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात खालून कोणी येत नाही, सोबत्यांनीच खणायचं. एका ग्रुपमध्ये सहा जणांत एकच फावडं बघितलं, तेही सगळ्यात पुढे चालणाऱ्याच्या सॅकमध्ये! तोच गाडला गेला तर काय, हाताने उकरणार? प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी, आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. आणि सराव करा हो, आम्ही हॉटेलमागे पिशवीत घालून बीकन पुरला तर पहिल्यांदा शोधायला अकरा मिनिटं लागली. शोधताना फोन लांब ठेवा, त्याने सिग्नल बिघडतो.

कालचे ट्रॅक दिसले म्हणजे उतार सेफ नसतो, आधीचे दहा गेले आणि अकराव्याला सुटला असं होतं.

सगळे एकदम उतार ओलांडू नका. एकेक जा, बाकीचे आडोशाला.

चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचा अ‍ॅव्हलाँचचा इशारा वाचा, पण तो जिल्ह्याचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नाही.

"ऑक्टोबरात कसला धोका?" 4 ऑक्टोबर 2022, द्रौपदी का डांडा-2, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण इन्स्टिट्यूटची तुकडी, अ‍ॅव्हलाँचमध्ये 29 जण गेले. इन्स्ट्रक्टर सोबत असताना.

मार्चमध्ये ऊन चढलं की बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागतात. ते दिसले की मी वाद घालत नाही, खाली कहवा प्यायला.