बायोकेमिस्ट्री पहिल्यांदाच शिकताय? रेणू आधी पाण्यात टाकून बघा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री घेतलेली मुलं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, वीसच्या वीस अमिनो आम्लांच्या रचना पाठ करायच्या का?" करायच्या, पण सुरुवात तिथून करू नका. मी याच विषयात एम.एस्सी. केलं आणि आता पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घेते. नुसतं पाठांतर दिवाळीच्या सुट्टीत विरून जातं आणि परीक्षेत ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन येऊन बसतं.

समोर येईल त्या रेणूबद्दल एकच विचारा: हा पाण्यात कसा वागेल? पेशीच्या वजनात साधारण 70 टक्के पाणीच असतं. कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिइक आम्लं हे चार कप्पे पुस्तकाच्या सोयीसाठी ठीक आहेत. पण कोणावर विद्युतभार आहे, कोण पाण्याशी हायड्रोजन बंध जुळवतो आणि कोण पाणी टाळून आपल्यासारख्यांना चिकटतो, हे दिसायला लागलं की धडे एकमेकांत मिसळू लागतात.

ग्लायसिन घ्या. बऱ्याच पुस्तकांत तो भाररहित काढलेला असतो. पण त्याच्या कार्बोक्सिल गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंच्या त्या गटाने प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) सुमारे 2.3 आणि अमिनो गटाचा 9.6. म्हणजे पीएच 7 ला पहिल्याने प्रोटॉन सोडलेला असतो, दुसऱ्याने एक जादा धरलेला असतो. भाररहित ग्लायसिन तिथे जवळजवळ सापडणारच नाही. वहीत पहिल्या दिवसापासून भार दाखवूनच रचना काढा, पुढे इलेक्ट्रोफोरेसिस (विद्युतक्षेत्रात भारानुसार रेणू वेगळे करायची पद्धत) शिकताना फार सोपं जातं.

हेच हाताने करून बघायचं तर दुधातून केसिन हे प्रथिन वेगळं काढायचं प्रात्यक्षिक मन लावून करा. ताज्या दुधाचा पीएच 6.6 च्या आसपास असतो. तेव्हा केसिनवर एकूण ऋण भार असतो, कण एकमेकांना दूर ठेवतात आणि दूध एकजीव राहतं. कोमट दुधात सौम्य ॲसिटिक आम्ल थेंबाथेंबाने टाकत, ढवळत राहा. पीएच 4.6 ला आला की एकूण भार शून्यावर येतो आणि गुठळ्या होतात. वरचं पाणी हिरवट, स्वच्छ दिसलं की थांबा. कंटाळून आम्ल भसकन ओतलं तर पीएच आणखी खाली जातो, केसिनवर धन भार येतो आणि त्यातलं काही पुन्हा विरघळतं. मग यील्ड कमी का आलं म्हणून तराजूला दोष देणं सुरू होतं! दही लागतं तेव्हाही हेच होतं, फक्त आम्ल जिवाणू तयार करतात.

भार किती महत्त्वाचा, याचं सगळ्यात गंभीर उदाहरण विदर्भात आणि नंदुरबारकडे घराघरांत माहीत असलेल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बस्स. ऋण भाराचा, पाण्यात रमणारा गट जाऊन पाणी टाळणारा गट आला. ऑक्सिजन सुटलेल्या अवस्थेत हे हिमोग्लोबिन शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटतं, लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दोन हिमोग्लोबिनांच्या भारातला फरक इलेक्ट्रोफोरेसिसने दाखवला. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललंय, हे काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. आधी भार दिसला, रचना मागाहून कळली.

कर्बोदकांच्या चाचण्या मात्र थोडक्यात उरकतात, आणि व्हायवाला नेमकं तिथेच पकडतात. "साखर गोड आहे, मग बेनेडिक्ट (क्षपणक शर्करा ओळखायची चाचणी) निगेटिव्ह का?" कारण सुक्रोजमध्ये, म्हणजे आपल्या साखरेत, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचेही क्षपणक (बेनेडिक्टमधल्या तांब्याला इलेक्ट्रॉन देणारे) गट आपसातल्या बंधात अडकलेले असतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून बंध तोडा, मग विटकरी रंग येतो. पण उकळून झाल्यावर, बेनेडिक्ट घालण्याआधी द्रावण उदासीन करा, कारण बेनेडिक्ट अल्कधर्मी माध्यमातच चालतं. ही पायरी जर्नलमध्ये सगळे लिहितात आणि टेबलावर हमखास गाळतात. जाता जाता गुळाचं पाणीही तपासा. गुळात थोडी साखर आधीच फुटलेली असते, त्यामुळे ते उकळण्याआधीच पॉझिटिव्ह येतं.

गणित टाळायला म्हणून या विषयाकडे आला असाल तर वेळीच सावध व्हा. मोलॅरिटी, बफर, डायल्यूशन ही आकडेमोड रोजची आहे. घरातला एखादा रिपोर्ट घ्या: उपाशीपोटी साखर 90 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे लिटरला 900 मिलिग्रॅम, ग्लुकोजचं रेणुवस्तुमान 180, म्हणून 5 मिलिमोल प्रति लिटर. असं गणित कागदाशिवाय जमेपर्यंत सोडू नका.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलं भारी भारी परदेशी विषय शोधतात. त्यांना मी बायोकेमिस्ट कमला सोहोनींबद्दल वाचायला सांगते. दुर्गा भागवतांच्या या भगिनीला 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला होता. पुढे केंब्रिजला वनस्पतींतल्या सायटोक्रोम सीवर काम करून त्यांनी 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. भारतात परतल्यावर पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं ते डाळी आणि नीरा यांच्यावर. तुमच्या कॉलेजात साधा कलरीमीटर (द्रावणाचा रंग किती गडद आहे ते मोजणारं यंत्र) असेल तर मोड येताना मटकीतल्या क्षपणक शर्करा कशा बदलतात, एवढा प्रकल्पही पुरेसा आहे.

पुढचं म्हणाल तर एम.एस्सी.साठी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा आणि आयआयटीची जॅम, संशोधनासाठी नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षा. गेटच्या लाइफ सायन्सेस पेपरात केमिस्ट्रीचा 25 गुणांचा भाग सक्तीचा असतो. तेव्हा तिसऱ्या वर्षी केमिस्ट्री सुटली तरी बारावीची पुस्तकं रद्दीवाल्याला देऊ नका.