ऑस्कर सोहळा घरी बघताना

अमेरिकेत रविवारची संध्याकाळ, म्हणजे आपल्या इंदूरला सोमवारची पहाट. सोहळा साडेचारला की साडेपाचला, हे आदल्या दिवशीच बघून ठेवा. पोहे रात्रीच चाळून-निवडून घ्या, कांदा-मिरची चिरून ठेवा. सकाळी भिजवून वाफेवर ठेवले की झालं. वरून शेव आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) हवंच. जिलबी मात्र उजाडल्यावर कोपऱ्यावरून गरमच आणावी.

माहितीपट-लघुपटांच्या वेळी टीव्हीसमोरून अजिबात उठू नका! २०२३ मध्ये आपल्या भारतीय 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला लघु माहितीपटाचंच ऑस्कर मिळालं. त्या वर्षी दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस आणि निर्माती गुनीत मोंगा मंचावर आल्या, ते आठवलं की अजून ऊर भरून येतो. सर्वोत्कृष्ट चित्रपट सहसा अगदी शेवटी. तीन-साडेतीन तास धरा, ऑफिसात उशिराचं आधीच कळवा.