वेल्ड आधी मोजा, रिंग मग बांधा

गाइडेड वेव्ह म्हणजे पाइपभोवती रिंग, म्हणजे ट्रान्सड्यूसरचा पट्टा, बांधून पाइपमधून लांबवर लहर सोडायची आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून गंज, भेग शोधायची. हे काम शिकायला आलेलं पोरगं पहिल्यांदा लॅपटॉपकडे धावतं. मी त्याच्या हातात टेप आणि खडू देतो. दोन्ही बाजूंना तीसेक मीटर चालून ये. वेल्ड, फ्लेंज (बोल्टने जोडलेला सांधा), बेंड, सपोर्ट कुठे कुठे आहेत ते कागदावर उतरव. इन्सुलेशनखालचा वेल्ड दिसत नाही, पण पाइप बहुतेक 6 किंवा 12 मीटरच्या तुकड्यांत येतो, त्यावरून अंदाज बांधता येतो. हा कागद नसेल तर स्क्रीनवर नुसत्या उड्या दिसतात, त्यांचा अर्थ लागत नाही.

रिंगची जागा निवडताना वेल्डपासून निदान दीड-दोन मीटर लांब राहा. रिंगच्या शेजारचा साधारण मीटरभर भाग आंधळाच असतो. दोन वेल्डच्या बरोबर मध्येही बांधू नका, दोन्हीकडचे प्रतिध्वनी एकाच अंतरावर येऊन डोकं खातात. इन्सुलेशन हातभर काढा, सुटा गंज आणि फुगलेला रंग वायर ब्रशने घालवा. घट्ट बसलेला पातळ रंग राहू दे. जेल लागत नाही, रिंगमध्ये हवा भरली की ट्रान्सड्यूसर, म्हणजे लहर सोडणारे आणि ऐकणारे तुकडे, पाइपला दाबून बसतात. एखादा नीट टेकला नसेल तर तपासणीत लगेच कळतं. तो बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता बाण. रिंगवरचा बाण ज्या दिशेला, ती 'पुढची' बाजू. एकदा मी घाईत तो उलटा लावला. कागदावर अंतर बरोबर, बाजू चुकीची! पोरांनी अकरा मीटरवरचं क्लॅडिंग, म्हणजे इन्सुलेशनवरचा पत्रा, कापलं, आत पाइप कोरा करकरीत. तेव्हापासून बाण पाइपवरही खडूने काढतो आणि फोटो घेतो.

लहर मी टॉर्शनल घेतो, म्हणजे पाइप पिळणारी. आतल्या पातळ द्रवाचा तिला फारसा त्रास नसतो आणि ती लांब जाऊनही पसरत नाही. स्टीलमध्ये तिचा वेग सेकंदाला सुमारे 3260 मीटर. 10 मिलिसेकंदांनी परत आली तर 16.3 मीटरवर काहीतरी आहे, कारण जाणं-येणं दोन्ही धरायचं. टेपने मोजलेल्या वेल्डशी हे जुळतं का ते आधी बघा, मग पुढचं वाचा.

वेल्ड घेरभर सारखा, म्हणून त्याचा प्रतिध्वनी सममित येतो. भेग किंवा गंज एका अंगाला असतो, त्यामुळे वाकणारी, म्हणजे फ्लेक्शुरल लहरही परतते. वेल्डच्या जागी तीही उंच दिसली तर वेल्डच्या कडेला भेग असू शकते, ती जागा सोडू नका. मग फ्रीक्वेन्सी बदलून पाहा. खरी खूण जागची हलत नाही.

इथे साहेबांचा ठरलेला प्रश्न येतो, "क्रॅक आहे की नाही, एका शब्दात सांगा." एका शब्दात येत नाही हो. 30 किलोहर्ट्झला लहरीची लांबी जवळजवळ 11 सेंटिमीटर. केसासारखी भेग तिला वेगळी काय दिसणार? तिला कळतं ते कापलं गेलेलं क्षेत्रफळ. 8 इंची, 8.18 मिमी जाडीच्या पाइपच्या आडव्या छेदाचे 5 टक्के म्हणजे साधारण 270 चौरस मिमी: अर्ध्या जाडीची आडवी भेग, लांबी 66 मिमी. याहून लहान काही पकडलं म्हणून पैज लावू नका. पाइपच्या लांबीला समांतर भेग तर बहुतेक निसटतेच. तसला धोका असेल तिथे ही पद्धत नको.

फ्लेंजपलीकडे काहीच दिसत नाही. बेंडनंतर आलेख गढूळ होतो. बिटुमेन (डांबर) लावून पुरलेल्या पाइपवर काही मीटरांतच लहर विरते, तिथे अहवालात 'इथपर्यंतच पाहिलं' असं स्पष्ट लिहा.

संशयाच्या जागी खडूची फुली मारा, रिंगपासूनचं अंतर आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कोन लिहा. मग इन्सुलेशन उघडून डोळ्यांनी बघा, जाडी मोजा, भेग वाटली तर मॅग्नेटिक पार्टिकल, म्हणजे चुंबक आणि लोहकणांनी भेग दाखवणारी तपासणी, करा. आणि हे सगळं होईपर्यंत रिंग सोडू नका.